कंसवध : डेलिगेट शिकणाऱ्यांसाठी घरगुती मार्गदर्शिका

साहित्य : सी शार्प चालेल असा एक संगणक, दोन तास निवांत वेळ आणि एक सुपारी. सुपारी खरी हवी, पूजेतली चालेल. ती कीबोर्डच्या उजव्या बाजूला ठेवा. खाऊ नका. अर्धा धडा या 'खाऊ नका'मध्येच आहे, म्हणून ज्यांना राहवत नसेल त्यांनी आधी बाहेर जाऊन पान खाऊन यावं.

मी राहतो देहूत आणि नोकरी करतो चाकणला. येलवाडी, सांगुर्डी, खालुंब्रे असं करत तळेगाव-चाकण रस्त्याला लागलं की पुढचं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, कंटेनरमध्ये मोजायचं असतं. कारखान्यात माझं काम यंत्रांशेजारच्या संगणकांचं. स्कॅनरने बारकोड वाचला की नोंद करायची, पार्ट नापास झाला की लाल दिवा लावायचा, लाइन थांबली की हूटर वाजवायचा. दर पावसाळ्यात नवी मुलं येतात, कुणी डिप्लोमा करून, कुणी इंजिनिअरिंग करून. हुशार असतात, माझ्या दुप्पट वेगाने टाइप करतात, आणि पहिल्याच आठवड्यात सगळी एकाच ठिकाणी ठेच खातात. त्या दगडाविषयी ही मार्गदर्शिका आहे.

पायरी पहिली : पुस्तक मिटा.

पुस्तकात लिहिलेलं असतं की डेलिगेट म्हणजे टाइप-सेफ फंक्शन पॉइंटर. हे खरं आहे. इंद्रायणी कुठे आहे असं विचारणाऱ्या वाटसरूला 'ती भीमेची उपनदी आहे' असं सांगावं, तितकं खरं. त्या बिचाऱ्याला घाटावर जायचं होतं. शब्दकोश उघडलात तर 'प्रतिनिधी' असा अर्थ सापडेल, आणि प्रतिनिधी म्हटलं की आपल्याला एकदा निवडून दिल्यावर हाकेला न येणारा माणूस आठवतो. डेलिगेट हाकेला येतो. तेव्हा शब्दकोशही मिटा आणि टेबलावरच्या सुपारीकडे बघा.

माझ्या चुलतभावाचं लग्न वैशाखात होतं. काकांनी माघातच बँजोवाल्या मास्तरांना बोलावून सुपारी दिली, वर हजार रुपये इसार दिला. मास्तरांनी काय केलं? सुपारी खिशात टाकली, वहीत तारीख लिहिली, चहा घेतला आणि गेले. सुपारी हातात पडल्याबरोबर त्यांनी अंगणातच बँजो काढून वाजवायला सुरुवात केली असती, तर काकांनी त्यांना काय म्हटलं असतं ते इथे छापण्यासारखं नाही. वाजवण्याचं कसब मास्तरांचं, पण कधी वाजवायचं ते आता लग्नघर ठरवणार. सुपारी देणं म्हणजे एवढंच : कामाचं नाव दुसऱ्याच्या वहीत नोंदवायचं आणि वेळ त्याच्यावर सोपवायची.

सिनेमावाल्यांनी या शब्दाला भलताच वास आणला, हे मान्य. पण कीर्तनाची सुपारी असते, तमाशाची असते, सनई-चौघड्याची असते. आपण त्या जुन्या अर्थानेच पुढे जाऊ.

पायरी दुसरी : या दोन ओळी लिहा आणि एकमेकींशेजारी ठेवून दोन मिनिटं नुसतं बघत बसा.

मुहूर्त = बँजोवाजवा;

मुहूर्त = बँजोवाजवा();

(नावं देवनागरीत दिली ती थट्टा नाही. सी शार्पला मेथडचं नाव देवनागरीत चालतं, काना-मात्रेसकट. आरक्षित शब्द आणि भाषेसोबत आलेली तयार नावं तेवढी रोमन लिपीत लिहावी लागतात. कार्यालयात मात्र हे करू नका. पुण्याबाहेरचा सहकारी तुमच्यामागे ते वाचणार आहे.)

इथे 'मुहूर्त' हा डेलिगेट आहे, म्हणजे सुपारी ठेवायची जागा. 'बँजोवाजवा' ही मेथड आहे, म्हणजे प्रत्यक्ष काम. पहिल्या ओळीत तुम्ही मुहूर्ताला कामाचं नाव दिलं. कुठेही काहीही वाजलं नाही. दुसऱ्या ओळीत नावापुढे कंस आले, आणि कंसाचा अर्थ 'आत्ता, इथे, ताबडतोब'. म्हणजे दुसरी ओळ असं सांगते की बँजो आत्ता वाजवा आणि वाजवून जे काही हातात पडेल ते मुहूर्तात ठेवा. वाजवून हातात काय पडतं? काही नाही. आवाज हवेत गेला. सी शार्पमध्ये या 'काही नाही'ला व्हॉइड म्हणतात. कंपायलर ओरडतो की व्हॉइडची सुपारी होत नाही, आणि नवा मुलगा माझ्याकडे येऊन म्हणतो, "सर, माझा संगणक खराब आहे."

संगणक ठीक असतो. कंस खराब असतो. तो पहिल्यापासूनच खराब आहे. देवकीची पाठवणी चालली होती, कंस स्वतः रथ हाकत होता, आणि आकाशवाणी झाली : हिचा आठवा मुलगा तुला मारील. आता नीट वाचा. आकाशवाणीने फक्त नोंद केली होती. 'आठवा जन्मला की' अशी स्पष्ट अट होती. आठवा सोडा, अजून पहिलाही नव्हता, वऱ्हाड वाटेत होतं. पण कंसाने सुपारी ऐकली आणि तिथेच तलवार उपसली. मी नव्या मुलांना ही गोष्ट सांगतो तेव्हा ती हसतात, आणि मग सहा महिने कुणी कंस विसरत नाही किंवा फुकट काढत नाही.

पायरी अडीच : कोण ओरडतं आणि कोण गप्प बसतं ते ओळखा.

सी शार्पचा कंपायलर जुन्या हेडमास्तरांसारखा आहे. चूक वर्गातच पकडतो, छडी लागते, पण घरी तक्रार जात नाही. पायथॉन हा लाडावणारा मामा. तो काहीच बोलत नाही.

एका कारखान्यात मी पायथॉनमध्ये छोटासा पडदा केला होता. त्यावर एकच बटण, दाबलं की हूटर वाजायचा. बटणाला हूटरच्या कामाचं नाव द्यायचं होतं. मी घाईत नावापुढे कंस काढले. मामा काही बोलला नाही. त्याने कार्यक्रम उघडताक्षणी हूटर वाजवला आणि त्यातून जे 'काही नाही' निघालं ते इमानाने बटणाच्या हातात दिलं. सकाळी संगणक सुरू झाला की हूटर वाजायचा. पहिल्या पाळीतल्या लोकांना वाटलं, चहाची वेळ बदलली. दोन दिवस सगळे हूटर झाला की उठून कॅन्टीनला गेले, कॅन्टीनवाल्याने वेळ जुळवून घेतली, आणि कुणाचीच तक्रार नव्हती. तिसऱ्या दिवशी लाइन खरोखर अडकली. ऑपरेटरने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग ठोकलं. बटण ढिम्म. ही चूक ओळखण्याची खूण हीच : नको तेव्हा एकदा वाजतं आणि हवं तेव्हा कधीच वाजत नाही. ही जोडलक्षणं दिसली की डॉक्टरकडे न जाता कंस तपासा.

उलट बाजूची चूक जास्त वाईट. हाक मारायची असताना नुसतं नाव लिहायचं. समजा मेथडचं नाव आहे 'दारबंदआहेका'. ती खरं किंवा खोटं असं उत्तर देते. पायथॉनमध्ये अटीत तुम्ही कंसाशिवाय नुसतं नाव लिहिलंत, तर मामा दाराकडे बघायला जातच नाही. तो विचार करतो, दार बघणारा माणूस अस्तित्वात आहे का? आहे. मग खरं. दार सताड उघडं असलं तरी उत्तर खरं, मध्यरात्रीही खरं. खऱ्या यंत्राच्या दाराला वेगळा सेफ्टी स्विच असतो, तो कुणाच्या कंसावर अवलंबून नसतो, म्हणून हे मी इथे विनोदाने सांगू शकतो. सी शार्पमध्ये मेथडचं नुसतं नाव अटीत टाकलं की हेडमास्तर लगेच कान पकडतात.

व्हिज्युअल बेसिकमध्ये आणखी तिसरीच तऱ्हा. तिथे कंस नसले तरी नाव घेतलं की काम सुरू. ज्याचं नाव घ्यावं तो हजर, अशातला प्रकार. म्हणून सुपारी द्यायची तर आधी 'अ‍ॅड्रेसऑफ' असा शब्द लावावा लागतो : याला बोलावू नका हो, फक्त पत्ता लिहून घ्या. चाकण पट्ट्यातल्या जुन्या यंत्रांवर व्हिज्युअल बेसिक अजून जिवंत आहे, तेव्हा हा शब्द लक्षात ठेवाच.

थोडा इतिहास, ज्यांना घाई असेल त्यांनी पुढच्या पायरीवर उडी मारावी. डेलिगेटची कल्पना पुढे आणण्यात मोठा हात अँडर्स हेल्सबर्ग यांचा, हे मूळचे डेन्मार्कचे. टर्बो पास्कल आणि डेल्फाय त्यांच्या हातची. मायक्रोसॉफ्टमध्ये आल्यावर त्यांनी १९९८ च्या व्हिज्युअल जे प्लस प्लसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जावात, डेलिगेट घातले. जावाची मालक सन कंपनी भडकली; दोघांचा खटला आधीच कोर्टात होता. सनचं म्हणणं असं की जावाला या गोष्टीची गरजच नाही. मग २००२ मध्ये सी शार्प आली ती डेलिगेट पदरात घेऊनच. आणि २०१४ मध्ये जावानेही मेथडचं नुसतं नाव देण्याची सोय केली. ती लिहायची खूण म्हणजे नावाआधी एकापुढे एक दोन विसर्ग. सोळा वर्षं गरज नाही म्हटलेल्या गोष्टीला शेवटी दुःखाची दोन चिन्हं लावून घरात घ्यावं लागलं.

या इतिहासात आपल्या कामाची गोष्ट एकच. पहिल्या सी शार्पमध्ये नुसतं नाव लिहून भागत नसे. नवा डेलिगेट निर्माण करतोय असं स्वच्छ लिहून मेथडचं नाव कंसाच्या आत ठेवावं लागायचं. म्हणजे नाव कंसाच्या तुरुंगात. लांबलचक होतं, पण बघणाऱ्याला कळायचं की हा कैदेत आहे, धावत नाहीये. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीने तुरुंग पाडला, नुसतं नाव पुरेसं झालं. टंकलेखन वाचलं, आणि नव्या मुलांचा गोंधळ तिथून सुरू झाला असं माझं स्पष्ट मत आहे. नियम मात्र तेव्हाही हाच होता आणि आताही हाच आहे : नाव कंसाच्या आत असलं तर चालेल, नावाच्या मागे कंस लागला की धावाधाव.

पायरी तिसरी : सुपारी कुणाला देताय ते बघा.

प्रत्येक डेलिगेटचा एक नमुना ठरलेला असतो. मेथडने काय घ्यायचं आणि काय परत द्यायचं ते त्यात लिहिलेलं असतं. कीर्तनाची सुपारी बँजोवाल्याला देता येत नाही. स्कॅनरच्या डेलिगेटला बारकोडचं अक्षरी नाव घेणारी मेथड हवी असेल, तर वजन घेणारी मेथड तो घेणार नाही. इथे कंपायलर पुन्हा ओरडेल, ओरडू द्या. एकाच नावाच्या चार मेथड असतील तर नमुन्याला जुळणारी तो स्वतः निवडतो. या पायरीत यापेक्षा जास्त काही नाही.

पायरी चौथी : आता हाक मारा.

मुहूर्त();

झालं. बँजो वाजला. कंस इथे यायला हवा होता, इथे आला. बघा, 'बँजोवाजवा' हे नाव या ओळीत कुठेच नाही. हाक मुहूर्ताला मारली, वाजवलं मास्तरांनी. हाक मारणाऱ्याला मास्तरांचं नाव माहीत असण्याची गरजच नाही, आणि डेलिगेटचा सगळा उपयोग याच न माहीत असण्यात आहे. स्कॅनरच्या ड्रायव्हरला माझा पडदा माहीत नाही, डेटाबेस माहीत नाही, लाल दिवाही माहीत नाही. त्याने फक्त म्हणायचं : वाचला रे.

एक अडचण. सुपारीच कुणाला दिलेली नसेल तर? भटजी म्हणाले, 'वाजवा!' आणि मांडवात वाजंत्रीवालाच नाही. सी शार्पमध्ये अशा वेळी कार्यक्रम जागच्या जागी कोसळतो. रिकाम्या डेलिगेटला नल म्हणतात, आणि नलला मारलेली हाक हा आमच्या धंद्यातला सर्वांत सामान्य मृत्यू. पूर्वी हाकेआधी 'कुणी आहे का' अशी वेगळी ओळ लिहायचो. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून एका प्रश्नचिन्हात भागतं :

मुहूर्त?.Invoke();

म्हणजे, कोणी आहे का रे? असेल तर वाजवा, नसेल तर मंगलाष्टका चालू ठेवा. हे नेहमी असंच लिहा. मी कारण विचारू देत नाही.

पायरी पाचवी, आणि इथे जरा बसू.

एका मुहूर्ताला अनेक सुपाऱ्या देता येतात. बेरजेचं आणि बरोबरीचं चिन्ह जोडून लिहिलं की आधीच्या यादीत भर पडते, वजाबाकीचं लावलं की नाव निघतं. देहूतल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेला, नांदुरकीच्या झाडाभोवती हजारो लोक उभे असतात आणि प्रत्येकाच्या मुठीत फुलं असतात. फुलं मुठीत आली म्हणून कुणी उधळत नाही. दुपारी बाराची घटका भरते, आणि सगळ्या मुठी एकदम उघडतात. खूण एक, हात हजार. (गर्दीत एखादं पोर साडेअकरालाच मूठ उघडतं. त्याच्या फुलांमागे कंस लागला असं समजायचं.) सी शार्पमध्ये फरक इतकाच की हात एकदम उघडत नाहीत, यादीतल्या क्रमाने एकामागून एक उघडतात, जो आधी नोंदला तो आधी.

भर घालायच्या जागी नुसतं बरोबरीचं चिन्ह लिहिलंत, तर आधीच्या सगळ्या सुपाऱ्या पुसल्या जातात आणि तुमची एकट्याची उरते. दुसऱ्याच्या लग्नात जाऊन असं कुणी करू नये म्हणून भाषेत 'इव्हेंट' हा शब्द आहे. तो लावला की बाहेरचा माणूस यादीत फक्त स्वतःचं नाव घालू किंवा काढू शकतो. यादी पुसता येत नाही, आणि मांडवात उभं राहून 'वाजवा' असं ओरडताही येत नाही. तो मान लग्नघराचा.

नाव घातलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं. काढायचं राहतं. आता मी सांगणार आहे ती गोष्ट माझीच आहे, कारखान्याचं नाव विचारू नये. स्कॅनर पाळीभर चालू असायचा. सुपरवायझरसाठी मी आकडेवारीचा पडदा केला होता, आणि तो उघडला की स्कॅनरच्या यादीत आपलं नाव घालायचा : पार्ट वाचला की मला सांग, मी एकाने वाढवतो. पडदा बंद केला की नाव काढायचं, ही ओळ मी लिहिली नव्हती. मुख्य मोजणी अगोदरच चालू होती आणि नवा पडदाही त्याच आकड्यात भर घालत होता, ही माझी दुसरी चूक. सुपरवायझर साहेब उत्साही. दिवसातून सहा वेळा त्यांनी पडदा उघडला आणि बंद केला. डोळ्यांना पडदा बंद दिसायचा. स्कॅनरच्या वहीत मात्र सहाही पडद्यांची नावं होती, आणि ज्याचं नाव वहीत आहे त्याला संगणक मरू देत नाही. मेलेले सहा पडदे अंधारात बसून मोजत होते. दुपारनंतर पार्ट एक आला की नोंदी सात.

संध्याकाळच्या बैठकीत उत्पादनाचा आकडा बघून सगळे उभे राहिले. एकाने पेढे मागवले. हे पेढे आम्ही खाल्ले. रात्री डिस्पॅचवाल्याने खोकी मोजली आणि त्याला वाटलं चोरी झाली. रखवालदारापासून चौकशी सुरू झाली, सीसीटीव्हीचं चित्रण काढलं, आणि मी रात्री दहाला देहूतून पुन्हा चाकणला गेलो. एक ओळ लिहिली, वजाबाकीच्या चिन्हाची. पेढ्यांचे पैसे मी दिले.

म्हणून नियम : सुपारी देणारी ओळ लिहिलीत की त्याच श्वासात ती रद्द करणारी ओळ कुठे येणार ते ठरवा. आणि रद्द करता यावी म्हणून नाव असलेल्या मेथडलाच सुपारी द्या. २००७ पासून लॅम्डा नावाचा बिननावाचा मजूर मिळतो, जागच्या जागी लिहिता येतो, फार सोयीचा. पण नाव नसलेल्याला यादीतून काढणार कसं? 'तो निळ्या शर्टवाला' असं सांगून सुपारी रद्द होत नाही. दुसऱ्यांदा तोच लॅम्डा अक्षरशः तसाच लिहिला तरी तो वेगळाच माणूस धरला जातो. चालू पाळीपुरतं काम असेल तर लॅम्डा वापरा, एरवी नाव ठेवा.

याच लॅम्डाची आणखी एक खोड. सुपारी देताना किती पैसे ठरले, आणि वाजवताना किती? एकापासून पाचपर्यंत मोजणाऱ्या फॉर लूपमध्ये पाच लॅम्डा तयार केले, प्रत्येकाला म्हटलं 'आपला क्रमांक छाप', आणि नंतर सगळ्यांना हाक मारली, तर पाचही जण सहा छापतात. सुपारी देताना त्यांनी आकडा लिहून घेतला नव्हता, फळा कुठे टांगलाय ते लिहून घेतलं होतं. हाक मारली तेव्हा फळ्यावर लूप संपल्यानंतरचा आकडा होता. लूपच्या आत नवा चल करून त्यात आकडा उतरवा, म्हणजे प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. फॉरईच लूपला ही खोड होती ती २०१२ मध्ये काढली, फॉरला अजून आहे. देणं आणि हाक मारणं यांच्या मध्ये जो काळ जातो त्यात जग बदलतं, हे नव्या मुलाला इथे पहिल्यांदा कळतं, आणि चेहरा बघण्यासारखा होतो.

उरलेल्या किरकोळ सूचना. यादीतल्या पाच जणांना एकाच हाकेत प्रश्न विचारलात तर पाचही जण उत्तर देतात पण तुम्हाला शेवटच्याचंच ऐकू येतं. भाव विचारायचे असतील तर यादी मागून घ्या आणि एकेकाला वेगळं विचारा. स्कॅनरचा निरोप बहुधा वेगळ्या थ्रेडवरून येतो, आणि पडद्याला त्याच्याच थ्रेडने हात लावायचा असतो, देवघरात सोवळ्यातल्या माणसानेच देवांना हात लावावा तसं. त्यासाठी पडद्याच्या इन्व्होकला डेलिगेट द्यायचा असतो. कामाचं नुसतं नाव द्यायचं, कंस न लावता. इथे नवी मुलं दुसऱ्यांदा पडतात.

आणि यादीतल्या तिसऱ्याने गोंधळ घातला, म्हणजे एक्सेप्शन फेकलं, तर चौथ्या-पाचव्यापर्यंत हाक पोचतच नाही. ही मला भाषेतली उणीव वाटते, कारण यापेक्षा चांगली रीत मी पाहिली आहे. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीआधी चोपदार चांदीचा दंड उंच धरतात आणि सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. तो एक आवाज उरतो. चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, मग आरती. एकाची तक्रार निघाली म्हणून मागच्या दिंड्या वाऱ्यावर सोडल्या जात नाहीत. आमच्या देहूची पालखी तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली. इतक्या वर्षांत वारीने एवढा जमाव चालवायची जी शिस्त बसवली ती डेलिगेटच्या यादीत आयती मिळत नाही. तुम्हालाच लूप लावून प्रत्येकाला स्वतंत्र हाक मारावी लागते आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी झेलावी लागते. थोडक्यात, चोपदार तुम्ही व्हायचं.

स्वाध्याय : पायरी दुसरीतल्या दोन ओळी न बघता लिहा. मग घरातल्या कुणालाही, संगणक न येणाऱ्या माणसाला, त्यांतला फरक टेबलावरची सुपारी दाखवून समजावा. त्यांना कळलं नाही तर चूक त्यांची धरू नका. पायरी पहिलीपासून पुन्हा सुरू करा. सुपारी अजून टेबलावर असेल तर आता खायला हरकत नाही.

काकांचं राहिलं. माघात सुपारी दिल्यावर चैत्रात त्यांना चिखलीचा दुसरा बँजो स्वस्तात मिळाला. त्यांनी त्यालाही सुपारी दिली आणि पहिल्याला कळवायचं राहून गेलं. वैशाखात दोन्ही पार्ट्या वेळेवर आल्या, दोन्ही वाजल्या, आणि दोघांचेही पैसे द्यावे लागले.